सहावीची ग्रामसभा

विशाखा सोनकांबळेनं स्कूटी शाळेच्या फाटकातून आत घेतली तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, आज सहावीत काहीतरी बिनसलंय. एरवी गाडीचा आवाज आला की तिच्या वर्गातली पोरं पिशवी घ्यायला पळत यायची. आज कुणी फिरकलं नाही. व्हरांड्यात सहावीच्या दारापुढं घोळका जमला होता आणि घोळक्याच्या मधोमध फरशीवर एक कंपासपेटी उघडी पडली होती. कोनमापकाचे दोन तुकडे झाले होते.

तिनं घाई केली नाही. गाडी लिंबाखाली लावली, तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला, त्याची घडी करून डिक्कीत ठेवली आणि मग चालत घोळक्याशी आली. विशाखाचे वडील निलंग्याच्या डेपोत कंडक्टर होते. भरलेल्या एसटीत आवाज न चढवता माणसं मागं सरकवायची त्यांची रीत लेकीनं उचलली होती. चाकूरहून रोज गव्हाणवाडीला ये-जा करून नोकरी करताना डीएडच्या पुस्तकांपेक्षा तीच रीत तिच्या जास्त कामाला आली होती.

"वाट द्या," ती म्हणाली, आणि वाट झाली.

आत सुकन्या आणि चांगुणा समोरासमोर उभ्या होत्या. सुकन्या म्हणजे भुजंगराव पाटलांची धाकटी. घर शाळेच्या भिंतीला लागूनच, वडील शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. चांगुणा केरबाची लेक. केरबा भुजंगरावांची शेती बघायचा आणि त्याचं बिऱ्हाड ओढ्यापलीकडं त्यांच्याच आखाड्यावर होतं, शेतातल्या दोन खोल्यांत. आजीचं नाव ठेवलेलं, त्यामुळं वर्गात सगळ्यांत जुनं नाव तिचं आणि उंचीला सगळ्यांत लहानही तीच.

"तकरार काय आहे? एकेकीनं सांगा."

"मॅडम, म्या आधी आले," चांगुणा म्हणाली. "शिपाई मामांनी कुलूप काढायच्या आधीपून पायरीवर बसले हुते. आत गेले तर बाकावर हिचं दप्तर."

"मग दप्तर आधी आलं ना," सुकन्या म्हणाली. "आमची आजी खिडकीतून ठिवती. रोजच ठिवती."

"दप्तर शिकतंय का शाळा?"

"तू फेकलंस कामून?"

"फेकलं न्हाई. भाईर ठिवलं. कंपास आपोआप पडला."

भांडण कुठल्या बाकाचं आहे हे विचारायची गरज नव्हती. वर्गात दोन पंखे. मागचा जळाला होता आणि वाइंडिंगसाठी चाकूरला गेला तो तिकडंच मुक्कामी राहिला होता. पुढचा चालू होता. मार्च उतरणीला लागलेला, सकाळची शाळा भरायचा आदेश अजून आलेला नव्हता, आणि दुपारी पत्र्याखालच्या त्या खोलीत पंख्याखालचा पहिला बाक म्हणजे राजगादीच होती. जूनमध्ये विशाखानंच नियम करून दिला होता, जो आधी येईल तो हवं तिथं बसेल. तेव्हा तो सगळ्यांना पटला होता. भांडणाचं मूळच राहत नाही, असं तिलाही वाटलं होतं.

आता निकाल द्यायचा म्हटला असता तर तिनं एका मिनिटात दिला असता आणि पोरांनी तो मानलाही असता. पण तिच्या पिशवीत नागरिकशास्त्राचं पुस्तक होतं आणि त्यात आज शिकवायचा धडा गावच्या कारभाराचा होता. तिनं दोघींकडं बघितलं.

"फैसला दुपारी होईल. मी नाही करणार, वर्ग करेल. तिसऱ्या तासाला धडा वाचून काढू, ग्रामसभा कशी चालते ते बघू, आणि जेवणानंतर आपली सभा भरवू. तोवर त्या बाकावर कुणी बसायचं नाही. सुकन्या, कंपास उचल. चांगुणा, तिला हात लाव."

दोघी वाकल्या. एकमेकींकडं न बघता त्यांनी पेन्सिल, खोडरबर, कर्कटक गोळा केलं.

सकाळचे तास नेहमीसारखे गेले. दशांश अपूर्णांकांच्या बेरजा झाल्या, कुणाचं टिंब कुठं पळालं ते शोधून झालं. मराठीच्या तासाला सुगतनं एक उतारा इतक्या वेगात वाचला की त्याला तो परत सावकाश वाचायला लावावा लागला. सुगत वर्गातला सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत उतावळा. तिसऱ्या तासाला धडा सुरू झाला तसे सगळे सावरून बसले, कारण यातलं दुपारी उपयोगी पडणार हे त्यांना कळलेलं होतं. सभेची सूचना आधी द्यावी लागते का, सरपंच नसला तर कोण बसतं, ठराव लिहितं कोण, असे प्रश्न पोरांनी स्वतःहून विचारले. एरवी हा धडा शिकवताना निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची. विशाखा मनातल्या मनात खूश झाली.

जेवणाच्या सुट्टीत ती खिचडी चाखून बघत होती तोच भुजंगराव फाटकातून आले. सुकन्या पाणी प्यायला घरी जाऊन आली होती, तेव्हा ते येणार हे विशाखानं धरलेलंच होतं. पांढरं स्वच्छ धोतर, खांद्यावर पंचा, आवाज हळू. भुजंगराव कधी मोठ्यानं बोलत नसत. गावात त्यांना त्याची गरजही पडत नसे.

"मॅडम, जरा बोलायचं हुतं."

"बोला की भुजंगराव. खिचडी घेता का थोडी?"

"न्हाई, जेवूनच आलो. पोरीचा कंपास फुटला म्हणं."

"फुटला."

"आता आमच्याच आखाड्यावरची पोरगी हाय ती. म्हणून म्हणलं, उगं बोभाटा नको. म्या संध्याकाळी केरबाला सांगतो. तो समजावील लेकीला."

ते चांगल्या मनानंच बोलत होते, हे विशाखाला दिसत होतं. पण मालकानं केरबाला सांगितलं की केरबा लेकीला काय समजावेल, हेही तिला दिसत होतं. पोरगी उद्यापासून शेवटच्या बाकावर बसेल आणि पुढं कधी पायरीवर येऊन थांबणार नाही.

"केरबांना काही सांगू नका," ती म्हणाली. "आखाडा तुमचा आहे, तिथलं तुम्ही बघा. वर्ग माझा आहे आणि चांगुणा माझ्या वर्गातली आहे. तकरार इथली, फैसलाही इथंच होईल."

भुजंगरावांनी पंच्यानं मान पुसली. त्यांना असं उत्तर ऐकायची सवय नव्हती, पण बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं त्यांनाही रागावता येईना.

"कवा?"

"आत्ता, सुट्टी झाली की. सभा आहे. वेळ असेल तर बसा. फक्त मधे बोलायचं नाही आणि मत द्यायचं नाही."

"मत कामून न्हाई? अध्यक्ष हाय म्या."

"अध्यक्ष आहात. पण सहावीत नाव नाही तुमचं."

भुजंगरावांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. मग म्हणाले, "बसतो."

त्यांना मागच्या कोपऱ्यात एक बाक दिला. बाक पोरांच्या मापाचा. गुडघे कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना, शेवटी ते आडवे बसले. चांगुणानं एकदा मागं बघितलं आणि मान खाली घातली.

सरपंच म्हणून शिवानीला निवडलं, कारण तिचा आवाज सातवीपर्यंत जायचा. सुगत ग्रामसेवक झाला. शिवानीनं डस्टर टेबलावर आपटलं, खडूची धूळ उडाली, आणि ती म्हणाली, "सभा सुरू झाली. पहिला विषय."

"थांब," सुकन्या उठून म्हणाली. "ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असती. आज सकाळीच वाचलंय आपण."

विशाखानं मान हलवली. "बरोबर आहे. जा व्हरांड्यात. लवकर आटपा."

पोरी एका रांगेत बाहेर गेल्या. आत मुलगे घाम पुसत बसले. बाहेरून आधी कुजबूज ऐकू आली, मग सुकन्याचा चढलेला आवाज, मग बराच वेळ एकटी चांगुणा बोलत होती. काय, ते कळत नव्हतं. मग एकदम सगळ्या हसल्या.

भुजंगराव वाकून हळूच म्हणाले, "खरंच असती का अशी सभा, बायांची?"

"असते. गावात होत नाही?"

"कागदावर हुती," ते म्हणाले आणि पंच्याशी चाळा करत बसले.

पोरी आत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर दाबलेलं हसू होतं. विशाखानं ते टिपलं, पण विचारलं नाही. ती टेबलामागं खुर्चीत बसली होती आणि आपण या सभेत फक्त बघ्या आहोत, हे तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

पहिला विषय दप्तराचा. तो पटकन निघाला. दप्तरानं जागा धरता येणार नाही, माणूस पाहिजे, असा ठराव झाला. सुकन्यानं विरोध केला, पण नेटकेपणानं केला.

"माझं घर जवळ हाय, ही माझी चूक हाय का?"

"तिचं लांब हाय, ही तिची चूक हाय का?" मागून एकजण म्हणाला.

"म्हणजे मी आधी आले तरी बसू नको?"

"बस ना. पण रोज रोज तूच कामून? जवळचे रोजच आधी येणार. आम्ही धावत आलो तरी परिपाठाला पोचतोय."

सुकन्या खाली बसली. नियम विशाखाचाच होता आणि आज पहिल्यांदा तो तिला दुसऱ्या बाजूनं दिसत होता. पाळी लावायची ठरलं. दर सोमवारी रांग एकेक बाक पुढं सरकेल, पहिला बाक शेवटी जाईल. सुगत भराभर लिहीत होता.

"कंपासचं काय?" शिवानीनं विचारलं.

"दप्तर म्या भाईर ठिवायला नको हुतं," चांगुणा बसूनच म्हणाली. "माझा कोनमापक हाय. तो दोघी वापरू."

"तसंबी आमचं दोघींचं सगळं एकच असतंय," सुकन्या पुटपुटली.

शिवानीनं डस्टर आपटलं. "आता पंख्याचा विषय. चांगुणा, तुला बोलायचं हुतं ना?"

चांगुणा उठली. तिची नजर मागच्या कोपऱ्यात गेली. आडव्या बसलेल्या भुजंगरावांनी तिच्याकडं बघितलं, सहजच, कुणी बोलायला उठलं की बघतात तसं. पण ती नजर तिच्या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी यायची, उद्याच्या पाण्याची पाळी सांगायला, आणि तेव्हा तिचा बाप उठून उभा राहायचा.

"काई न्हाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

विशाखाच्या ओठांवर शब्द आले होते. बोल बाळा, घाबरू नकोस, असलंच काहीतरी. तिनं ते मागं ढकलले. मॅडमनं बोलायला लावलं म्हणून बोललेली पोर आणि आपणहून बोललेली पोर यांत फरक असतो, आणि हा फरक आत्ता फार महत्त्वाचा होता. तिनं हात मांडीवर ठेवले आणि थांबली. ते थांबणं तिला सोपं गेलं नाही.

सुकन्याच मागं वळली.

"बोल की. भाईर तर लई बोलत हुतीस."

"जाऊ दे."

"जाऊ दे कामून? तू न्हाई बोललीस तर म्या सांगते. मग म्हणू नको, माझं बोलणं हिनं घेतलं म्हणून."

चांगुणा परत उठली. या वेळी तिनं मागं बघितलं नाही. तिनं वर बघितलं, फिरणाऱ्या पंख्याकडं, आणि तिथून सरळ खाली बोट आणलं.

"पंखा बाकांवर न्हाईच. पंखा मॅडमच्या टेबलावर हाय. पाळी लावा, काईबी लावा, आर्धी हवा टेबलच खातंय."

मग शेवटच्या बाकावरून कुणीतरी फस्कन हसलं आणि वर्ग फुटला. शिवानी डस्टर हातात धरून विशाखाकडं बघत राहिली.

"माझ्याकडं काय बघतेस?" विशाखा म्हणाली. "सरपंच कोण आहे?"

"मत घेऊ?"

"घ्यायलाच पाहिजे. विषय आलाय."

टेबल हलवावं म्हणणारांनी हात वर करा, असं शिवानी म्हणाली. आधी एक हात वर आला, चांगुणाचा. मग सुकन्याचा. मग मॅडम खरंच रागावल्या नाहीत याची खात्री करून घेत एकेक करून सगळ्यांचे आले. मागं भुजंगरावांचाही हात कोपरापर्यंत उचलला गेला. लक्षात येताच त्यांनी तो डोक्यावरून फिरवल्यासारखा करून खाली घेतला.

विशाखा उठली. तिला हसू येत होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "ठराव मंजूर. सुगत, नीट लिही. टेबल कुठं न्यायचं?"

"जिथं कुणीच बसायला मागत न्हाई तिथं," सुगत म्हणाला.

ती जागा सगळ्यांना माहीत होती. शेवटच्या रांगेतला आतला कोपरा, चांगुणाचा आजवरचा. चौघांनी टेबल उचललं, दोघांनी खुर्ची. चांगुणाचा बाक पुढं आला. पुढची मोकळी झालेली जागा बघून भिंतही मोठी झाल्यासारखी वाटली.

सभा संपली. भुजंगरावांनी उठायचं केलं, पण तेवढ्यात तास सुरू झाला आणि शिकवणं चालू असताना उठून जाणं त्यांना बरं दिसेना, म्हणून ते परत बसले.

विशाखा नव्या जागेवर बसली. उकाडा होताच. वर तापलेल्या पत्र्याची झळ, डोक्यावर जळालेल्या पंख्याचा रिकामा हूक. उकाड्याचं तिला काही वाटलं नाही. उन्हातून गाडी चालवत येणाऱ्या बाईला त्याचं काय. तिनं सुकन्याला फळ्यावर पाठवलं आणि सकाळचंच एक उदाहरण घालायला सांगितलं.

सुकन्यानं लिहिलं आणि ती बाजूला झाली. विशाखानं बघितलं. फळ्यावर तिला एक लांबलचक चमक दिसली. खिडकीतून तिरपं येणारं ऊन फळ्याच्या गुळगुळीत रंगावर पडून सरळ या कोपऱ्यात येत होतं. आकडे होते, पण त्यांच्या मधोमध उजेडाचा पट्टा. तीन आहे की आठ, सांगता येईना. टिंब तर नव्हतंच.

"सुकन्या, मोठं लिही."

सुकन्यानं मोठं लिहिलं. चमक तेवढीच राहिली. विशाखा डावीकडं झुकली, मग उजवीकडं. मग तिनं विचारलं, "चांगुणा, तुला इथून काय दिसायचं?"

"सकाळी सगळं दिसतंय, मॅडम."

"आणि दुपारी?"

"दुपारचं न्हाई दिसत. दुसऱ्या दिवशी सुट्टीत सुकन्याच्या वहीतून उतरून घेते."

"आज न्हाई दिली म्या वही," फळ्यापाशी उभी असलेली सुकन्या म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

गेले कित्येक महिने विशाखा या पोरीच्या दशांशाच्या टिंबांखाली लाल रेघ ओढत होती. आता त्यावर हळहळत बसण्यात काही हशील नव्हतं. ऊन रोज दुपारी येणार होतं आणि उद्याही दुपार होतीच.

"हा कोपरा कुणालाच नको," ती उठत म्हणाली. "मला पण नको. पाळी लावली तर दर सोमवारी कुणी ना कुणी इथं आंधळं होईल. मग काय करायचं?"

"खिडकीला पोतं लावू."

"मग उजेड जातो. हवा पण जाते."

"फळा धुऊ."

"धुतला तरी चमकतो. दुसरं सांगा."

सुगत बाकावर गुडघे टेकून उभा राहिला होता. तो फळ्याकडं बघत नव्हता, मागं बघत होता. "मॅडम, ह्या भिंतीवर ऊन येतच न्हाई. कधीच. म्या बघितलंय. आपण सगळेच उलटे बसलो तर?"

"तिथं फळा कुठाय?"

"हाय. कपाटामागं. जुना. थोडासा दिसतोय बघा."

मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाढ्यांचे, प्राण्यांचे, महिन्यांचे तक्ते. कपाटाच्या कडेनं खरंच काळ्या रंगाची पट्टी डोकावत होती. विशाखा या शाळेत आली त्याच्या आधीपासून ते कपाट तिथं होतं, आणि मागं काय आहे हे बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

ती मनात हिशोब मांडत गेली. वर्ग फिरवला तर फळ्यावर ऊन नाही. चालू पंखा येईल मागच्या बाकांवर. पुढं बसणाऱ्यांना फळा जवळ, मागं बसणाऱ्यांना हवा. सगळ्यांना सगळं नाही, पण प्रत्येकाला काहीतरी. आणि शिकवणारी उकाड्यात, तो तर ठरावच होता.

"करू या," ती म्हणाली. "तक्ते काढा, सांभाळून. फाटला तर चिकटवायला तुम्हीच बसाल."

तक्ते निघाले. बाक फिरायला लागले आणि फरशीवर असा खरखराट झाला की पलीकडच्या सातवीतली पोरं दारात आली. कपाट मात्र हलेना. सहा-सात मुलांनी रेटलं, ते जागचं गेलं नाही. आत जुन्या उत्तरपत्रिका ठासून भरल्या होत्या.

"सरका रे," मागून आवाज आला. भुजंगराव उठले होते. त्यांनी पंचा खिडकीच्या गजाला अडकवला, धोतराचा सोगा वर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. "तुम्ही खालून धरा. सुकन्या, बाजूला हो, पाय सापडंल. ए चांगुणा, तू त्या अंगानं बघ, भिंतीला घासतंय का ते सांग मला."

"थोडं इकडं घ्या, मालक," चांगुणा म्हणाली. "अजून. आता सरळ."

कपाट करकरत सरकलं. मागून जाळी, पालीची वाळकी अंडी, एक तुटकी पट्टी आणि धुळीनं पांढरा झालेला, पण चांगला रुंद काळा फळा निघाला.

याच वेळी मुख्याध्यापक श्रीमंत गुरुजी आत आले. गुरुजींची निवृत्ती जवळ आली होती आणि जाईपर्यंत शाळेत काही हलू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. समोरचं सगळं बघून ते दारातच थबकले. बाक उलटे, टेबल भलतीकडं, समितीचे अध्यक्ष धुळीनं माखलेले.

"मॅडम, हे काय करून राहिलात?"

"वर्ग फिरवतोय सर. तिकडच्या फळ्यावर दुपारी काही दिसत नाही. तुम्ही स्वतः त्या कोपऱ्यात बसून बघा."

"अहो, पण ते तक्ते. मुद्दाम पेंटर बोलावून करून घेतलेत."

"ते समोरच्या भिंतीला लागतील. आजच लावतो."

"आणि तपासणीला साहेब आले तर? वर्ग असा उलटा बघून काय म्हणतील?"

"साहेब आले तर त्यांना पंख्याखाली बसवू," विशाखा म्हणाली. "काही म्हणणार नाहीत."

गुरुजींनी आधाराला भुजंगरावांकडं बघितलं. भुजंगराव पंच्यानं हात पुसत होते. "ठराव झालाय, गुरुजी," ते म्हणाले. "माझ्यासमोर झाला. आता काय करता."

गुरुजी आत फळ्यापर्यंत आले. जाता जाता त्यांनी फळ्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि शिपायाला ओला फडका घेऊन पाठवतो म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे परवानगीच मिळाली.

शेवटचा तास नव्या तोंडानं झाला. पोरं सारखी मागं वळून आधीच्या फळ्याकडं बघत होती. चांगुणा मधल्या रांगेत बसली होती, शेजारी सुकन्या. दोघींच्या मधे एकच कोनमापक होता आणि तो कुणी आधी घ्यायचा यावरून त्यांची परत कुजबूज चालू झाली होती. विशाखानं तिकडं दुर्लक्ष केलं. तिनं नव्या फळ्यावर एक उदाहरण घातलं, मुद्दाम लहान अक्षरात, आणि चांगुणाला उठवलं.

"वाच."

"तीन पूर्णांक आठ दशांश अधिक शून्य पूर्णांक तीन दशांश." तिनं न अडखळता वाचलं, आणि न सांगता उत्तरही देऊन टाकलं. उत्तर बरोबर होतं. विशाखानं शाबासकी दिली नाही. पुढचं उदाहरण घातलं, आधीपेक्षा अवघड.

शाळा सुटली. विशाखाच्या केसांत धूळ होती, कुडता पाठीला चिकटला होता, आणि सकाळी आली त्यापेक्षा आत्ता अंगात जास्त जोर आहे असं तिला वाटत होतं. ती लिंबाखाली गाडी काढत होती तेव्हा सुकन्या आणि चांगुणा समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, आमच्या महिलांच्या सभेत आणखी एक विषय झाला हुता," सुकन्या म्हणाली. "मुलांसमोर काढला न्हाई."

"कुठला?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. चांगुणा म्हणाली, "मुलींच्या बाथरूमला आतून कडी न्हाई. एकीनं भाईर उभं राहावं लागतंय. कुणी सोबत नसलं तर जाता येत न्हाई. पाचवी-सातवीच्या पोरीबी तेच म्हणत्यात."

विशाखानं स्टँड परत खाली केला. हे तिनं गुरुजींच्या कानावर दोनदा घातलं होतं आणि दोनदा ते बघू म्हणाले होते.

"शाळेची दुरुस्ती कुणाकडं असते? वाचलंय ना आज?"

"समितीकडं."

"समितीचे अध्यक्ष कोण?"

सुकन्यानं फाटकाकडं बघितलं. भुजंगराव अजून तिथंच होते, शिपायाला कपाटाचं काहीतरी हातवारे करून सांगत.

"आप्पाच की. पण आप्पाला असलं कसं सांगायचं?" सुकन्या म्हणाली. तिचा सगळा धीटपणा एकदम कुठं गेला कोण जाणे.

"मी येऊ सोबत?" विशाखानं विचारलं.

सुकन्यानं लगेच मान डोलावली. पण चांगुणा अगोदरच दोन पावलं पुढं गेली होती. तिथून तिनं वळून बघितलं.

"नको मॅडम. आम्ही सांगतो. सुकन्या, तू नुसती संगं उभी राहा गं."

दोघी फाटकाकडं गेल्या. विशाखानं स्कार्फ बांधला, गाडी चालू केली आणि सावकाश त्यांच्या बाजूनं बाहेर काढली. जाता जाता तिला दिसलं, चांगुणा मान वर करून बोलत होती आणि भुजंगराव, धोतर अजून वरच खोचलेलं, नीट ऐकू यावं म्हणून खाली वाकले होते.